आवर्ती कलांपासून रासायनिक बंधांपर्यंत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात आवर्तसारणी आणि रासायनिक बंध हे दोन धडे बहुधा वेगवेगळे शिकवले जातात आणि विद्यार्थीही ते वेगवेगळेच पाठ करतात. पहिल्या धड्यातून ‘आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होतो’ अशी चार-पाच विधाने लक्षात ठेवली जातात, दुसऱ्यातून ‘धातू इलेक्ट्रॉन देतो आणि अधातू घेतो’ एवढे उचलले जाते, आणि जरा आडवळणाचा प्रश्न समोर आला की दोन्ही पाठांतरे अपुरी पडतात. वस्तुतः दोन्ही धड्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अणूचे केंद्रक आपल्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना किती घट्ट धरून ठेवते? याचे उत्तर कारणासह देता येऊ लागले की अणूचा आकार, आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा), विद्युतऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन ओढण्याची अणूची क्षमता) आणि बंधाचे स्वरूप यांची संगती आपोआप लागत जाते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. शेजारी आवर्तसारणी उघडी ठेवावी आणि प्रत्येक आकडा सारणीतील त्या त्या जागेवर बोट ठेवून वाचावा, कारण जागा आणि आकडा यांची सांगड डोळ्यांसमोर बसली नाही तर वाचलेले फार काळ टिकत नाही.

पहिली पायरी: मूलद्रव्याची जागा वाचणे

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची मांडणी अणुवस्तुमानाच्या क्रमाने केली आणि गुणधर्म जुळत नव्हते तेथे जागा रिकाम्या सोडल्या. त्यांतील दोन जागा पुढे १८७५ मध्ये गॅलिअमने आणि १८८६ मध्ये जर्मेनिअमने भरल्या. तरीही वस्तुमानाचा क्रम काही ठिकाणी अडखळत होता. अरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशिअमचे ३९.१० असल्याने वस्तुमानाप्रमाणे पोटॅशिअम आधी यायला हवे, पण तसे केले तर एक अत्यंत क्रियाशील धातू राजवायूंच्या स्तंभात जाऊन बसतो. हेन्री मोजले यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या अभ्यासातून मूलद्रव्याची ओळख त्याच्या अणुअंकाने, म्हणजे केंद्रकातील धनप्रभाराने ठरते हे दाखवले आणि ही अडचण संपली. आजच्या सारणीत ११८ मूलद्रव्ये, ७ आवर्ते (आडव्या ओळी) आणि १८ गण (उभे स्तंभ) आहेत.

नवशिक्याने सारणीतून दोन गोष्टी न चुकता वाचायला शिकाव्यात. आवर्ताचा क्रमांक म्हणजे इलेक्ट्रॉन असलेल्या कवचांची संख्या, आणि मुख्य गणांत गणाच्या क्रमांकावरून संयुजा इलेक्ट्रॉनांची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या कळते: गण १ आणि २ मध्ये ती अनुक्रमे १ आणि २ असते, तर गण १३ ते १८ मध्ये गणक्रमांकातून १० वजा केले की ती मिळते. हेलिअम याला अपवाद आहे, कारण त्याच्याकडे एकूण इलेक्ट्रॉनच दोन आहेत. मधल्या संक्रमण धातूंना हा सोपा हिशेब लागू पडत नाही. सुरुवातीला त्यांना बाजूला ठेवणेच इष्ट.

दुसरी पायरी: केंद्रकाची परिणामी ओढ समजून घेणे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी हीच वगळली जाते. सोडिअम आणि क्लोरीन हे दोन अणू शेजारी ठेवून पाहा. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत आणि त्याचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ असे आहे. क्लोरीनच्या केंद्रकात १७ प्रोटॉन असून त्याचे संरूपण २, ८, ७ आहे. दोघांच्या आतल्या दोन कवचांत मिळून प्रत्येकी १० इलेक्ट्रॉन आहेत. आतले हे इलेक्ट्रॉन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतात आणि त्यामुळे केंद्रकाची बाहेर जाणवणारी ओढ घटते. यालाच परिरक्षण म्हणतात. आतले इलेक्ट्रॉन पूर्ण परिरक्षण करतात आणि बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांचे मुळीच करत नाहीत असे ढोबळमानाने धरले, तर सोडिअमच्या एकट्या संयुजा इलेक्ट्रॉनाला ११ उणे १०, म्हणजे १ इतका प्रभार जाणवेल, आणि क्लोरीनच्या प्रत्येक संयुजा इलेक्ट्रॉनाला १७ उणे १०, म्हणजे ७ इतका. भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांच्या नियमांनी अधिक काटेकोर हिशेब केला तर हे आकडे अनुक्रमे २.२ आणि ६.१ येतात. आकडे बदलतात, पण निष्कर्ष तोच राहतो: दोन्ही अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात असूनही क्लोरीनचे केंद्रक त्यांना सोडिअमच्या केंद्रकापेक्षा कितीतरी अधिक जोराने ओढते.

यातून दोन दिशांची दोन कारणे मिळतात. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढत जातात, परंतु नवा इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात येतो आणि सोबत्यांचे परिरक्षण अपुरेच करतो, म्हणून परिणामी प्रभार वाढतो. गणात वरून खाली जाताना प्रत्येक वेळी एक नवे कवच सुरू होते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, आणि अंतर वाढले की विद्युत आकर्षण झपाट्याने घटते. पुढे येणारा प्रत्येक कल या दोन वाक्यांपर्यंत नेऊन पोहोचवता आला पाहिजे. जो कल तिथपर्यंत नेता येत नाही, तो अजून समजलेला नाही असे खुशाल मानावे.

तिसरी पायरी: अणूचा आणि आयनाचा आकार

गण १ मध्ये लिथिअमची धातुत्रिज्या १५२ पिकोमीटर, सोडिअमची १८६, पोटॅशिअमची २२७, रुबिडिअमची २४८ आणि सीझिअमची २६५ आहे. प्रत्येक पायरीवर एक कवच वाढल्याचा हा परिणाम आहे. तिसऱ्या आवर्तात उलट सोडिअमच्या १८६ पिकोमीटरपासून क्लोरीनच्या ९९ पर्यंत त्रिज्या घटत जाते. येथे एक सावधगिरी बाळगावी: धातूची त्रिज्या धातूच्या स्फटिकातील अंतरावरून आणि अधातूची सहसंयुज (सामायिक इलेक्ट्रॉनांच्या) बंधाच्या लांबीवरून काढली जाते, त्यामुळे दोन भिन्न मापांतील बारीक फरकावरून निष्कर्ष काढू नये; मोठा कल मात्र नि:संशय खरा आहे.

इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन अणूचा आयन, म्हणजे प्रभारित कण झाल्यावर चित्र पालटते. सोडिअमने एकमेव संयुजा इलेक्ट्रॉन गमावला की त्याचे तिसरे कवचच उरत नाही आणि त्रिज्या १८६ वरून १०२ पिकोमीटरवर येते. क्लोरीनने एक इलेक्ट्रॉन घेतला की प्रोटॉन तेवढेच राहतात, परंतु बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण वाढते आणि ऋण आयनाची त्रिज्या १८१ पिकोमीटर होते. म्हणजे अणू असताना सोडिअम मोठा आणि क्लोरीन लहान होता, तर आयन झाल्यावर क्रम उलटला. परिणामी ओढीचा अर्थ नीट लागला आहे का हे तपासायचे असेल, तर १० इलेक्ट्रॉन असलेले चार आयन घ्यावेत: ऑक्साइड १४० पिकोमीटर, फ्लुओराइड १३३, सोडिअम १०२ आणि मॅग्नेशिअम ७२. इलेक्ट्रॉनांची संख्या आणि मांडणी चौघांचीही सारखी आहे, बदलतात ते फक्त प्रोटॉन: ८, ९, ११ आणि १२. इतक्या स्वच्छपणे एकच घटक वेगळा काढून दाखवणारे उदाहरण या विषयात क्वचितच सापडते.

एका अपवादाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. गण १३ मध्ये गॅलिअम अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली आहे, तरी दोघांचे आकार जवळपास सारखे आहेत आणि पहिली आयनीभवन ऊर्जाही अनुक्रमे ५७९ आणि ५७८ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे अगदी शेजारची आहे. मध्ये दहा संक्रमण धातू येऊन गेल्यामुळे केंद्रकात दहा प्रोटॉन जादा आले, पण त्यांच्यासोबत आलेले ‘डी’ उपकवचातील (कवचाच्या एका भागातील) इलेक्ट्रॉन फार क्षीण परिरक्षण करतात. नियमामागचे कारण माहीत असेल तर असा अपवाद पाठ करावा लागत नाही.

चौथी पायरी: आयनीभवन ऊर्जेचे आकडे वाचणे

वायुरूप अणूतून सर्वांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन काढून टाकण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे पहिली आयनीभवन ऊर्जा. दुसऱ्या आवर्तातील आकडे किलोज्यूल प्रति मोल या एककात असे आहेत: लिथिअम ५२०, बेरिलिअम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१ आणि निऑन २०८१. एकंदर चढत्या क्रमात दोन ठिकाणी घसरण आहे. बोरॉनचा जाणारा इलेक्ट्रॉन ‘पी’ उपकवचातला आहे. हे उपकवच त्याच कवचातील ‘एस’ उपकवचापेक्षा अधिक ऊर्जेचे असल्याने तो इलेक्ट्रॉन बेरिलिअमच्या इलेक्ट्रॉनापेक्षा सहज सुटतो. ऑक्सिजनच्या बाबतीत ‘पी’ उपकवचात चौथा इलेक्ट्रॉन आलेला असतो, त्याला कोणत्या तरी कक्षिकेत (उपकवचातील दोनच इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागेत) आधीच्या इलेक्ट्रॉनासोबत राहावे लागते आणि त्या जोडीतील प्रतिकर्षणामुळे एक इलेक्ट्रॉन काढणे नायट्रोजनच्या तुलनेत सोपे होते.

याहून उपयोगी आहेत त्या लागोपाठच्या आयनीभवन ऊर्जा. सोडिअमची पहिली ४९६ आणि दुसरी ४५६२ आहे; नऊपटींहून मोठी ही उडी सांगते की दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, केंद्रकाजवळच्या कवचातून काढावा लागतो. मॅग्नेशिअमची पहिली ७३८, दुसरी १४५१ आणि तिसरी ७७३३ आहे. सरावासाठी स्वतःलाच प्रश्न घालावा: एखाद्या मूलद्रव्याच्या लागोपाठच्या चार ऊर्जा ५७८, १८१७, २७४५ आणि ११५७७ असतील तर ते कोणत्या गणातील असेल? मोठी उडी तिसऱ्या इलेक्ट्रॉनानंतर आहे, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन तीन, म्हणजे गण १३. हे आकडे अ‍ॅल्युमिनिअमचे आहेत. कवचांची कल्पना केवळ आकृतीतली नसून मोजता येणाऱ्या ऊर्जेत दिसते, हे या सरावातून पटते.

पाचवी पायरी: इलेक्ट्रॉन आसक्ती आणि विद्युतऋणता

या दोन संज्ञांची गल्लत होते, म्हणून फरक आधी स्पष्ट करून घ्यावा. एकट्या वायुरूप अणूला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर मुक्त होणारी ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन आसक्ती, तर बंधात असताना सामायिक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती ३४९ आणि फ्लुओरीनची ३२८ किलोज्यूल प्रति मोल आहे. फ्लुओरीनचा अणू इतका लहान आहे की नव्या इलेक्ट्रॉनाला तेथील गर्दीचे प्रतिकर्षण सोसावे लागते. विद्युतऋणतेत मात्र फ्लुओरीनच सर्वांच्या पुढे आहे. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या आणि नंतर सुधारत गेलेल्या मापश्रेणीत फ्लुओरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सिलिकॉन १.९०, अ‍ॅल्युमिनिअम १.६१, मॅग्नेशिअम १.३१, सोडिअम ०.९३ आणि सीझिअम ०.७९ असे आकडे आहेत. एवढे आकडे हाताशी असले की प्राथमिक पातळीवरचे बहुतेक बंध तपासता येतात.

सहावी पायरी: आयनिक बंधाचा जमाखर्च मांडणे

सोडिअमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचे असते म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो, हे स्पष्टीकरण इतके रूढ झाले आहे की ते खोडून काढणे मला आवश्यक वाटते. अणूला काही हवे-नको नसते. सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्च होतात आणि क्लोरीनला तो दिल्यावर ३४९ परत मिळतात, म्हणजे निव्वळ देवघेवीत प्रति मोल १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. मग सोडिअम क्लोराइड तयार होते तरी का?

पूर्ण हिशेब करून पाहा. एक मोल घन सोडिअमचे वायुरूप अणूंत रूपांतर करण्यास १०८ किलोज्यूल लागतात. इलेक्ट्रॉन काढण्यास ४९६ लागतात. अर्धा मोल क्लोरीन रेणू तोडून एक मोल अणू मिळवण्यास १२१ लागतात. येथवरचा खर्च ७२५ झाला. क्लोरीनच्या अणूंनी इलेक्ट्रॉन घेतल्यावर ३४९ मिळाले, तरी ३७६ किलोज्यूलची तूट उरली. यानंतर विखुरलेले धन आणि ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक बनतात आणि त्या वेळी ७८७ किलोज्यूल मुक्त होतात. हीच जालक ऊर्जा. तूट भरून निघून ४११ किलोज्यूल शिल्लक राहतात, आणि मूलद्रव्यांपासून एक मोल सोडिअम क्लोराइड बनताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. तात्पर्य, आयनिक संयुगाला स्थैर्य देते ते असंख्य विरुद्ध आयनांचे परस्पर आकर्षण, आणि एका सोडिअमची एका क्लोरीनशी जोडी जमली आहे असे समजणे चुकीचे आहे. स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात.

याच हिशेबाने सूत्रेही कळतात. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला लागणारे ४५६२ किलोज्यूल कोणतीही जालक ऊर्जा भरून देऊ शकत नाही, म्हणून दोन क्लोराइड असलेले सोडिअमचे संयुग मिळत नाही. मॅग्नेशिअमच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचे १४५१ मात्र सहज भरून निघतात, कारण मॅग्नेशिअम क्लोराइडची जालक ऊर्जा सुमारे २५०० आहे. प्रभार वाढला आणि आयन लहान असले की आकर्षण किती वाढते याची कल्पना मॅग्नेशिअम ऑक्साइडवरून येईल: त्याची जालक ऊर्जा ३८०० च्या आसपास असून ते सुमारे २८५० अंश सेल्सिअसला वितळते, तर सोडिअम क्लोराइड ८०१ अंशांना.

सातवी पायरी: सहसंयुज बंध आणि ठिपका आकृती

दोन्ही अणूंची ओढ सारखी किंवा जवळपास सारखी असेल तर इलेक्ट्रॉन पूर्णपणे कोणाकडेच जात नाहीत. गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ मध्ये अशा बंधाचा अर्थ दोन अणूंमध्ये सामायिक झालेली इलेक्ट्रॉनांची जोडी असा लावला. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही केंद्रके या जोडीला ओढतात. ती ७४ पिकोमीटर अंतरावर असताना ऊर्जा सर्वांत कमी असते आणि हा बंध तोडायला प्रति मोल ४३६ किलोज्यूल लागतात.

संयुजा इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी ठिपका आकृती काढण्याची रीत कार्बन डायऑक्साइडवर करून पाहू. आधी संयुजा इलेक्ट्रॉन मोजावेत: कार्बनचे ४ आणि दोन ऑक्सिजनचे १२ मिळून १६, म्हणजे ८ जोड्या. कमी विद्युतऋण अणू मध्यभागी ठेवावा. हायड्रोजन कधीही मध्यभागी येत नाही. मग मधला अणू आणि प्रत्येक बाजूचा अणू यांच्यात एकेक जोडी मांडावी. येथे दोन जोड्या संपतात आणि सहा उरतात. त्या बाजूच्या अणूंना द्याव्यात, म्हणजे प्रत्येक ऑक्सिजनला तीन. आता ऑक्सिजनचे अष्टक पूर्ण झाले, पण कार्बनभोवती चारच इलेक्ट्रॉन आहेत. म्हणून प्रत्येक ऑक्सिजनची एक एकाकी (बंधात नसलेली) जोडी बंधात वळवावी. दोन दुहेरी बंध तयार होतात आणि तिन्ही अणूंभोवती आठ-आठ इलेक्ट्रॉन दिसतात. शेवटी एकूण ठिपके पुन्हा मोजावेत; ते १६ च असले पाहिजेत, आणि बहुसंख्य चुका या फेरमोजणीतच सापडतात.

त्याच दोन अणूंमधील बंधांची संख्या वाढली की बंध आखूड आणि मजबूत होतो. कार्बन-कार्बन एकेरी बंध १५४ पिकोमीटरचा, दुहेरी १३४ चा आणि तिहेरी १२० चा असतो. नायट्रोजन रेणूतील तिहेरी बंध तोडायला ९४५ किलोज्यूल प्रति मोल लागतात, म्हणूनच हवेतला नायट्रोजन इतका निष्क्रिय वाटतो. ओझोनची ठिपका आकृती काढली तर एक बंध एकेरी आणि दुसरा दुहेरी येतो. प्रत्यक्षात दोन्ही बंध १२८ पिकोमीटरचे, अगदी सारखे आहेत. अशा वेळी एकाच रेणूसाठी दोन आकृत्या काढून खरी रचना दोन्हींच्या मधली मानावी लागते, यालाच संस्पंदन म्हणतात. अष्टकाचा नियमही सार्वत्रिक नाही: बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन मांडले जातात, सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये गंधकाभोवती बारा, आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण संयुजा इलेक्ट्रॉन ११, म्हणजे विषम असल्याने सर्वांच्या जोड्या लागूच शकत नाहीत.

आठवी पायरी: दोन टोकांच्या मधले बंध

विद्युतऋणतेतील फरक १.७ हून अधिक असेल तर बंध आयनिक, कमी असेल तर सहसंयुज, असा नियम सर्रास सांगितला जातो. पहिला अंदाज बांधण्यासाठी तो ठीक आहे, पण त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. सिलिकॉन टेट्राफ्लुओराइडमध्ये हा फरक २.०८ आहे, तरी ते सामान्य तापमानाला स्वतंत्र रेणूंचा वायू आहे. मॅग्नेशिअम ब्रोमाइडमध्ये फरक १.६५ आहे, तरी ते ७११ अंश सेल्सिअसला वितळणारा आयनिक स्फटिक आहे. नियमाने सांगितले त्याच्या नेमके उलट दोन्हीकडे घडते. याचे कारण चौथ्या पायरीकडे परत गेल्यावर उमगते: सिलिकॉनचे चारही संयुजा इलेक्ट्रॉन पूर्णपणे काढायचे तर जवळपास १०,००० किलोज्यूल प्रति मोल लागतील, आणि तसा अतिलहान, चौपट धनप्रभारित आयन बनलाच तर तो शेजारच्या फ्लुओराइडचे इलेक्ट्रॉन पुन्हा आपल्याकडे खेचून घेईल. लहान आणि जास्त प्रभाराचा धन आयन ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ विकृत करून बंधाला सहसंयुज छटा देतो, ही मांडणी रसायनशास्त्रज्ञ काझिमिर फायान्स यांनी १९२३ मध्ये केली.

तिसऱ्या आवर्तातील क्लोराइडे ओळीने तपासली की हा बदल दिसतो. सोडिअम क्लोराइड ८०१ अंशांना आणि मॅग्नेशिअम क्लोराइड ७१४ अंशांना वितळते. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडचे मात्र १८० अंशांच्या आसपासच संप्लवन होते, म्हणजे ते न वितळता थेट वायू होते, आणि सिलिकॉन टेट्राक्लोराइड तर ५८ अंशांना उकळणारा द्रव आहे. म्हणून बंधाचा प्रकार ठरवताना आकड्यांच्या जोडीला द्रवणांक, वितळलेल्या स्थितीतील विद्युतवहन आणि धन आयनाचा प्रभार हे सर्व पाहावे.

दोन्ही अणूंची ओढ कमी असेल तेव्हा धातुबंध तयार होतो. संयुजा इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूचे न राहता साऱ्या स्फटिकात वावरतात. सोडिअम ९८ अंशांना आणि मॅग्नेशिअम ६५० अंशांना वितळते, यात प्रत्येक अणूमागे असे मोकळे इलेक्ट्रॉन अनुक्रमे एक आणि दोन असण्याचा मोठा वाटा आहे.

नववी पायरी: रेणूचा आकार आणि ध्रुवीयता

ठिपका आकृती सपाट कागदावर असते, रेणू मात्र अवकाशात असतो. रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना सोपी आहे: मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर जातात आणि एकाकी जोडी बंधित जोडीपेक्षा अधिक जागा व्यापते. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांत मधल्या अणूभोवती चारच जोड्या आहेत, परंतु एकाकी जोड्या अनुक्रमे शून्य, एक आणि दोन आहेत. बंधकोन त्यानुसार १०९.५, १०७ आणि १०४.५ अंश असे घटत जातात. आकार मोजताना दुहेरी बंध एकच गट धरावा, म्हणून कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत येतो आणि त्यातील दोन ध्रुवीय बंधांचा (ज्यांत इलेक्ट्रॉन एका अणूकडे अधिक सरकलेले असतात) परिणाम परस्परांना रद्द करतो.

अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड यांची तुलना अवश्य करावी. विद्युतऋणतेतील फरक पहिल्यात ०.८४ आणि दुसऱ्यात ०.९४ आहे, आकारही दोघांचा पिरॅमिडसारखाच, तरी द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूच्या ध्रुवीयतेचे माप, अमोनियाचे १.४७ डिबाय (या मापाचे एकक) आणि ट्रायफ्लुओराइडचे केवळ ०.२३ डिबाय आहे. अमोनियात बंधांतील इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे सरकलेले असतात आणि एकाकी जोडीही त्याच बाजूला असते, म्हणून दोन्ही परिणाम एका दिशेने मिळतात. ट्रायफ्लुओराइडमध्ये इलेक्ट्रॉन फ्लुओरीनकडे सरकतात आणि एकाकी जोडी विरुद्ध बाजूला राहते, म्हणून ते एकमेकांना जवळजवळ निष्प्रभ करतात.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करावा. पाणी उकळते तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटत नाहीत. एक मोल पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात, तर त्याच पाण्यातील सर्व सहसंयुज बंध तोडायला सुमारे ९२६ लागतील. उकळताना रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात. पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध (एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील आकर्षण) असल्यामुळे ते १०० अंशांना उकळते, आणि त्याच गणातील गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड अधिक जड असूनही उणे ६० अंशांनाच उकळते.

दहावी पायरी: सर्व पायऱ्या एकाच संयुगावर वापरणे

फॉस्फरस आणि क्लोरीन ही जोडी यासाठी उत्तम आहे. फॉस्फरस गण १५ मध्ये, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन ५, क्लोरीनचे ७. दोघेही अधातू, विद्युतऋणता अनुक्रमे २.१९ आणि ३.१६, फरक ०.९७, म्हणून ध्रुवीय सहसंयुज बंध अपेक्षित आहेत. फॉस्फरस ट्रायक्लोराइडमध्ये एकूण २६ इलेक्ट्रॉन येतात. तीन बंध आणि फॉस्फरसवर एक एकाकी जोडी मिळते, आकार पिरॅमिडसारखा आणि रेणू ध्रुवीय असतो. स्वतंत्र रेणूंचे संयुग असल्याने द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असावेत, आणि खरोखरच ते ७६ अंशांना उकळणारा द्रव आहे.

फॉस्फरस पाच क्लोरीनांशीही जुळतो. नायट्रोजनला हे साधत नाही, कारण त्याचा अणू लहान असून पाच क्लोरीन अणू त्याच्याभोवती मावत नाहीत, आणि त्याच्या संयुजा कवचात चारच कक्षिका आहेत. वायुरूप फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये तीन क्लोरीन एका प्रतलात आणि दोन त्याच्या वर-खाली असतात. प्रतलातील बंध २०२ पिकोमीटरचे, तर वर-खालचे २१४ चे आहेत, कारण वर-खालच्या बंधांना काटकोनात तीन शेजाऱ्यांचे प्रतिकर्षण सोसावे लागते आणि प्रतलातल्यांना दोघांचेच. घनरूपात मात्र एक रेणू आपला एक क्लोराइड दुसऱ्याला देतो आणि स्फटिक दोन प्रकारच्या आयनांचा बनतो: चार क्लोरीन असलेला चतुष्फलकीय धन आयन आणि सहा क्लोरीन असलेला अष्टफलकीय ऋण आयन. आयनाच्या आत सहसंयुज बंध आणि आयनाआयनांमध्ये विद्युत आकर्षण, असे दोन्ही एकाच पदार्थात आढळते. म्हणून ‘फॉस्फरस पेंटाक्लोराइड आयनिक की सहसंयुज’ असा प्रश्न आला, तर तो पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे हे आधी विचारून मगच उत्तर लिहावे.